जिराफ आणि झुंबरबाईचं देवभात

उत्क्रांतीवरचं कुठलंही सोपं पुस्तक उघडा, सुरुवातीलाच जिराफ आला म्हणून समजा. जिराफ! अहो, आमच्या मावळात जिराफ पाहिलाय कुणी? लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवते. वर्गात विचारलं तर एकीनं सांगितलं, "बाई, तो घोड्याचा मामा असतो." तिचं तरी काय चुकलं? जे कधी डोळ्यांनी बघितलं नाही त्याला पोर नात्यातच बसवणार ना!

मीही तसलं एक पुस्तक लिहिलं. बारकंसंच, साध्या माणसाला कळावं असं. त्याचं तिसरं प्रकरण भातातल्या एका तणावर होतं. पुण्याच्या प्रकाशकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शालूबाई, गवत कोण वाचणार? जिराफ घाला. जिराफाच्या चित्राचा ठोकळा आमच्या छापखान्यात आयताच पडून आहे." मी नाही म्हटलं. तर या गृहस्थांनी मला न विचारता प्रकरण काढून टाकलं, जिराफ चिकटवला, आणि वर स्वतःच्या अकलेनं लिहिलं की उंचावरच्या पाल्यासाठी मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली. असा संताप आला मला! ताणून मान लांब होत असती, तर पिढ्यान् पिढ्या हंडे वाहणाऱ्या मावळातल्या बायकांच्या पोरी डोक्यावर चुंबळ घेऊनच जन्माला आल्या असत्या.

पुस्तकाचं काय व्हायचं ते झालं, पण ते प्रकरण मी वाया जाऊ देणार नाही. ते प्रकरण म्हणजे माझी आत्या होती. झुंबरबाई.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत खलाशी. झुंबरबाई त्यांची थोरली बहीण. माहेर तळेगावजवळच्या आंबीचं, आणि दिली तिकोण्याच्या पायथ्याच्या एका गावात, कोंडाजीला. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जीभ अशी की समोरच्यानं आधी मागे बघून वाट मोकळी आहे का ते पाहावं. पण कामाला वाघीण. भाताची बेणणी, म्हणजे भातातलं तण हातानं उपटणं, तिच्याइतकी नीट करणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात. सगळ्यांत वरचं खाचर कोंडाजीच्या चुलतभावाचं, महिपतीचं. मधलं कोंडाजीचं. खालचं जैनबचं; जैनबचा नवरा गावचा मुलाणी. पाणी वरून खाली, महिपतीकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून जैनबकडे. सगळ्यांकडे आंबेमोहर. आमच्याकडे शिजला की रस्त्यानं जाणारा माणूस "आज काय विशेष?" म्हणून विचारायचा, असा त्याचा वास.

एकोणीसशे बावीस-तेवीसची गोष्ट. उन्हाळ्यात कोंडाजी तापानं गेला. तेराव्याचे पाहुणे गेले नाहीत तोवर महिपती ओसरीवर येऊन बसला. "वैनी, बाईमाणसाच्यानं खाचर व्हायचं न्हाई. मला अर्धेलीनं द्या, निम्मं पीक तुमचं." आत्या म्हणाली, "भावजी, माझं हात अजून जागच्या जागी हायेत." झालं. तेवढंच बोलणं. पण महिपतीला ते झोंबलं. गावात त्याच्या शब्दाला मान होता आणि एका विधवेनं त्याला ओसरीवरून वाटेला लावलं होतं.

लावणीचे दिवस आले. एकट्या बाईनं खाचरभर रोपं लावायची म्हणजे अशक्य. त्यासाठी मावळात इर्जिक असते. तुम्ही गावाला बोलवायचं, गाव ढोल वाजवत येतं, एका दिवसात तुमचं काम उरकून देतं, आणि तुम्ही पोटभर जेवू घालायचं. पैसा नाही, मजुरी नाही, नुसतं जेवण. कोंडाजी जन्मभर दुसऱ्यांच्या इर्जिकीला राबलेला. आता त्याच्या दारात गाव यायला हवं होतं. आत्यानं घरोघर जाऊन सांगितलं. सगळे म्हणाले, व्हय व्हय, येतो की.

पहाटेपासून ती चुलीपुढे होती. मोठ्या हंड्यात आंबेमोहराचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी, नाचणीच्या भाकऱ्यांची चळत, गूळ. पळसाच्या पत्रावळी मांडून ठेवल्या. आणि मग ती बांधावर येऊन उभी राहिली, तर ढोल वाजायला लागला. वरच्या खाचरात. महिपतीनं त्याच दिवशी आपली इर्जिक ठेवली होती आणि बोकड कापला होता. सगळं गाव तिथं. आत्याच्या डोळ्यांसमोर, चार हात वर, तिनं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ती सगळी माणसं कमरेत वाकून महिपतीची रोपं लावत होती. एकानंही खाली बघितलं नाही. महिपतीनं मात्र बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "वैनी, तुमीबी या जेवाया. मटान हाय."

काय वाटलं असेल तिला? मला तर आज लिहिताना तळपायाची आग मस्तकात जाते.

एकटी जैनब आली. कुणाला न विचारता, लुगडं खोचून, सरळ चिखलात उतरली. दिवसभर दोघींनी लावलं. दुपारी जैनब पत्रावळीवर बसली आणि पोटभर जेवली. "झुंबर, भात लय ग्वाड झालाय," एवढंच म्हणाली. बाकीचा हंडा तसाच. संध्याकाळी आत्यानं तो बैलांपुढे ओतला. शिजवलेलं अन्न बैलांपुढे! ज्या बाईनं कधी शीत सांडू दिलं नाही तिला हे करावं लागलं. दोघींच्यानं निम्मंच खाचर झालं, उरलेली रोपं तशीच पिवळी पडली. त्या वर्षी आत्यानं दुसऱ्यांच्या दारात दळणकांडण केलं.

आणि तिनं ठरवलं. नवस नाही, शाप नाही. देवाला मध्ये घालण्याइतका वेळ तिला नव्हता. "त्याच्या घरचा भात पाव्हण्याच्या पानावर वाढायची त्याला लाज वाटंल, असं करीन," हे तिनं जैनबला बोलून दाखवलं. कसं करणार, ते मात्र जैनबलाही सांगितलं नाही.

आता थोडं देवभाताबद्दल. गावाच्या तळ्यात, काठच्या चिखलात हे भात आपलं आपण उगवतं. पेरावं लागत नाही, नांगरावं लागत नाही. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत ना, तेव्हा हेच खातात. दाणा लाल, टोकाला हे एवढं लांब कुसळ, आणि पिकायला लागला की वाऱ्याच्या झुळकीनं गळून पाण्यात पडतो. म्हणून लोंब्या ओल्या असतानाच एकत्र बांधून ठेवायच्या आणि मग टोपलीत झाडायच्या. हे किचकट काम आत्या करायची आणि पुढच्या भाद्रपदात गावातल्या बायकांना ओंजळ ओंजळ वाटायची. महिपतीची बायको कस्तुराबाई, तीसुद्धा पदर पसरून घेऊन जायची.

पुढच्या वर्षी आत्यानं सगळं वाटण्यासाठी ठेवलं नाही. मृगाच्या आधी महिपतीनं रोपांसाठी राब भाजला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार केली, आणि भात पेरलं. आत्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं गेली, भर दुपारी, चारचौघांच्या देखत, आणि चालता चालता ओटीतलं देवभात राबात टाकत गेली. कुणी बघितलं असेल तर वाटलं असेल, बाई पाखरांना दाणे टाकतेय. पुण्यवान बाई!

पहिल्या वर्षी फजिती झाली. आत्याची. देवभाताची रोपं आंबेमोहरापेक्षा उंच वाढली, बुडाशी लाल, कुसळं ही अशी मिरवत. बेणणीला आणि पुन्हा लोंब्या निघताना आलेल्या बायांनी ती बघता बघता उपटून बांधावर फेकली. महिपती म्हणाला, "तळ्यातलं गवात आलंय, एक बी सोडू नगा." आत्या हात चोळत बसली. तिला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. उपटताना थोडी राहिलीच. जी जरा बुटकी होती, ज्यांचं बूड फारसं लाल नव्हतं, ज्यांची कुसळं आखूड होती, ती. बाया चांगल्या होत्या हो, पण दिवसभर पावसात वाकून वेगळं ते उपटायचं, तर जे वेगळं दिसत नाही ते कसं उपटणार? कापणीच्या आधीच त्यांचे दाणे चिखलात गळले. पुढच्या वर्षी उगवली ती यांची पोरं. एखाद्या फुलातला पराग वाऱ्यानं आंबेमोहराच्या फुलावर, त्याचा याच्यावर, अशी सोयरीकही होत गेली. दर वर्षी बेणणी, दर वर्षी वेगळं ते उपटायचं, दर वर्षी थोडं राहायचं. आठ-दहा वर्षांत अशी पाळी आली की महिपतीच्या खाचरात उभं राहिलं तर सगळा आंबेमोहरच दिसायचा. हिरवागार, एकसारखा. बघणाऱ्यानं म्हणावं, वा! आणि कापायला जावं तर निम्म्या लोंब्या रिकाम्या, दाणे आधीच खाली. जे घरी यायचं त्यात लाल दाणा, आणि वास नावाला नाही.

लोणावळ्याच्या बंगल्यांना तांदूळ पुरवणारा वाहिदशेठ दर साल महिपतीकडे यायचा. त्या वर्षी त्यानं मूठ घेतली, हुंगली, तळहातावर पसरली आणि परत पोत्यात टाकली. "महिपतराव, राग मानू नका, पण हे आंबेमोहर म्हणून मी कुणाच्या दारात नेऊ?" आत्या तेव्हा पाण्याला निघाली होती. ती मुद्दाम थांबली, घागर खाली ठेवली, चुंबळ पुन्हा नीट केली, सगळं ऐकलं आणि मगच पुढे गेली. मला सांगताना म्हणाली, "शाले, त्या दिवशी पाणीसुदिक ग्वाड लागलं."

महिपती हार मानणारा नव्हता. घाटाखालच्या व्याह्याकडून त्यानं जांभळ्या पानाचं भात आणलं. डोकं चालवलं म्हणायचं! पेरलेलं जांभळं, मग हिरवं दिसेल ते तण. उपटा! त्या पावसाळ्यात हिरव्याचा नुसता फडशा पडला. गाव म्हणालं, महिपतीनं जिरवली देवभाताची. आंबेमोहराचा वास गेला तो गेला, जांभळं भात जाडंभरडं, पण निदान भात तरी! आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

चार-पाच पावसाळे गेले, आणि देवभात जांभळं झालं.

तुम्हाला हे थापा वाटतील. मी स्वतः पानं हातात घेऊन पाहिलीत. वाऱ्यानं जांभळ्याचा पराग देवभातावर पडला असणार, त्यातून चार-दोन रोपं जांभळी निघाली असणार. हिरवी सगळी उपटली, ही राहिली. मग काय, पुढे रानच त्यांचं. गावात लोक म्हणायला लागले की बी बिघडलं, महिपतीच्या घरातलं बीच नासलं. महिपतीलाही तेच पटलं. जो तो बियाला शिव्या घालत होता. बेणणीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

हे असंच चाललं असतं, तर आत्या सुखानं म्हातारी झाली असती. पण पाणी वरून खाली येतं, हे ती सुडाच्या भरात विसरली होती. मावळातली बाई, आणि पाण्याचा उतार विसरली!

त्या दिवाळीत मी गावी गेले होते. कामशेतला गाडीतून उतरून चालत पोचले, तर आत्या आणि जैनब ओसरीवर समोरासमोर बसलेल्या. मध्ये सुपात जैनबच्या खाचरातलं भात. निम्मं लाल. जैनबनं सूप आत्याकडे सरकवलं. "झुंबर, पोरास्नी वरीसभर काय घालू? माझ्याच शेतात ह्ये कुटनं आलं गं?"

 जैनब गेल्यावर आत्या उठली, स्वतःच्या कणगीतलं ओंजळभर भात काढलं, दगडावर चोळलं. लाल. दुसरी ओंजळ. त्यातही लाल. माझ्याकडे वळली ती भडकूनच. "शाळंत शिकवतीस न्हवं? मग सांग मला. ह्ये भात शिकल्यागत वागतंय. माझ्या डोळ्याला दिसंना झालंय. माझ्या! आंदळ्यागत मी त्येला पानी पाजलं. कोन शिकवतं त्येला सोंग घ्याया?"

आणि मग तिनं मला ओटीतल्या दाण्यांचं सगळं सांगितलं. लाजून नव्हे हं. छाती पुढे काढून.

मी तेव्हा पुस्तकासाठी वाचत होतेच. म्हटलं, "आत्या, भात शिकत नाही. शिकायला त्याला डोकं कुठं आहे? तू टाकलंस त्यातलं रोप न् रोप सारखं होतं का?"

"एका आईची पोरं तरी सारखी असत्यात व्हय?"

"मग बेणताना बायांनी त्यातलं कुठलं उपटलं?"

"येगळं दिसंल ते."

"आणि राहिलं कुठलं?"

तिनं सुपातला एक दाणा उचलून नखानं सोलला. मी म्हटलं, "जे आंबेमोहरासारखं दिसलं ते राहिलं. त्याचेच दाणे गळले, त्याचीच पोरं उगवली, आणि पोरं आईबापावर गेली. त्यातलीही जी जरा वेगळी निघाली ती पुन्हा उपटली. दर साली तीच चाळणी. कुणी ठरवलं नाही, कुणी शिकवलं नाही. तू फक्त एकदा ओटी रिकामी केलीस आत्या. पुढचं सगळं महिपतीनं केलं. जितकं नीट बेणलं, तितकं ते हुबेहूब होत गेलं."

आत्या हसली. कोंडाजी गेल्यापासून तिला तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हंजी त्यो आपल्या हातानंच... वर्सानुवर्सं... मानसं लावून, जेवाया घालून... अगं आई गं!" पदरानं डोळे पुसले. मग एकदम थांबली. "आन् माझ्या खाचरात?"

"तुझ्या खाचरात तू बेणलंस."

"मी लय नीट बेणते, शाले."

"म्हणूनच."

तिनं सुपातले लाल दाणे एकीकडे निवडायला घेतले. मग म्हणाली, "माझं जळू दे. जैनबचं का? ती तर आलती." एवढंच. सबंध गावात एकच बाई तिच्या पत्रावळीवर जेवली होती, आणि तिच्याच पोरांच्या ताटात हे लाल भात गेलं होतं. महिपतीवर सोडलेला साप जैनबच्या पाळण्यात निघाला, तसं तिला झालं. म्हणाली, "ह्ये मारायचं कसं ते सांग. तुझ्या बुकात असंल न्हाईतर नसंल, मला सांग."

मी म्हटलं, डोळ्यांनी निवडणं बंद कर. दाणा गळायच्या आत सगळंच काप, चांगलं-वाईट बघू नकोस. जमिनीत पडलेलं उगवू दे, फुलायच्या आधी नांगरून टाक. पुन्हा उगवेल, पुन्हा नांगर. त्याच्या पोटी पोर होऊच देऊ नकोस. पण तितकी वर्षं खाचरातून एक दाणा घरी येणार नाही.

आत्यानं पुढच्या पावसाळ्यात महिपतीच्या बांधाखालून चर खणला आणि त्याचं पाणी ओढ्याला लावून दिलं. ओढ्याकाठी कुणाचं शेत नाही, नुसता कातळ. जैनब बरोबर होतीच. मग दोघींनी उभं हिरवं भात कापून म्हशींना घातलं. दोन्ही खाचरं. गाव बांधावर जमलं. महिपती मोठ्यानं हसला, "दोगींना एकदमच याड लागलं!" आत्यानं मान वर केली नाही. तीन पावसाळे तिनं हेच केलं. पोटासाठी रस्त्याच्या खडीवर गेली, जैनबच्या घरची भाकरी अर्धी अर्धी वाटून खाल्ली. मग न पेरता खाचरात एकही रोप उगवेना, तेव्हा आंबीहून, माहेरून, आंबेमोहराचं बी आणलं आणि दोघींनी पेरलं. त्या कार्तिकात गावात पुन्हा वास सुटला.

आणि गावानं काय ताडलं असेल? आंबीचं बी! बघा, नवं बी आणलं न् शेत सुधारलं. तीन वर्षं हिरवं कापलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, पण ते वेड होतं ना, वेड कोण ध्यानात घेतं?

पुढच्या चैत्रात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी गावी गेले ती नव्या छापलेल्या पुस्तकाच्या प्रती पिशवीत घेऊन. आल्या आल्या आत्याला जिराफाचं सांगितलं, शिव्या घालून सांगितलं. चित्र दाखवलं. तिनं पुस्तक उलटं-सुलटं धरून जिराफ बघितला. "ह्ये काय ध्यान?" म्हणाली. "आन् माझं भात?" म्हटलं, "काढलं. एक ओळ ठेवली नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात महिपती. केस पांढरे, अंगावरचं मांस गेलेलं. धाकट्या लेकीचं लग्न पुढच्या वर्षी करायचं होतं आणि पाव्हण्यांच्या पानावर वाढायला घरात धड भात नव्हता. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, "वैनी, आंबीचं बी थोडं मिळंल का? बी बिघडलं माझं."

मला वाटलं, आता आत्या याची सालटी काढणार. पण ती उठली. "उनाचं आलात भावजी. आदी जेवा."

तिनं पळसाची पत्रावळ मांडली. आंबेमोहराचा भात, वाफ निघत असलेला. काळ्या वाटाण्याची आमटी. नाचणीची भाकरी. गुळाचा खडा. मी ते पान बघितलं. महिपतीनंही बघितलं. त्याचा हात पानाशी जाऊन थांबला. आत्या त्याच्यासमोर बसली, हातात पळी.

"वळखलं का? त्या दिसाचं पान हाय ह्ये. मांडलेलंच व्हतं. आज बसलात."

महिपतीची मान खाली गेली. उठून जाता आलं असतं त्याला. पण बी हवं होतं. तो जेवला.  पानातलं संपलं की आत्या वाढायची. "घ्या, घ्या. चाळीस मानसांचं व्हतं."

मग तिनं बी दिलं. मापून नाही, सढळ हातानं, पोतं भरून. आंबीचं, निवडलेलं, एक लाल दाणा नसलेलं. आणि पुढं एक शब्द बोलली नाही. त्याच्या खाचराच्या चिखलात काय दडून बसलंय, बी कितीही चोख पेरलं तरी त्याचं काय होणार, दाणा गळायच्या आत सगळं कापावं लागतं, हे काही नाही. फुकट दिलेल्या पोत्यावर माणूस शंका घेत नाही.

पोतं खांद्यावर घेताना महिपती माझ्याकडे वळला. त्याला बाळबोध अक्षर वाचता येत होतं. "मास्तरीणबाई, वाहिदशेठ सांगत व्हता, तुमी ह्या तणावर पुस्तक लिवलंय म्हनं. त्यात काय औषध असंल तर..."

मी आत्याकडे बघितलं. ती पत्रावळ गोळा करत होती. "दे की गं," ती म्हणाली. "भावजींना वाचाया नको व्हय?"

मी दिलं. एक प्रत, कोरी करकरीत. माझ्या आयुष्यात त्या प्रकाशकांचे आभार मानावेसे मला तेवढे एकदाच वाटले. एका खांद्यावर बी आणि काखेत जिराफ घेऊन महिपती उतारानं चालत गेला, आणि आत्या तो वळणाआड होईपर्यंत दारात उभी राहिली.

नागपंचमी झाल्यावर मी पुन्हा गेले. पावसानं उघडीप दिली होती. आत्या आणि जैनब आपल्या बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. वरच्या खाचरात महिपतीची बेणणी. त्यानं इर्जिक ठेवली होती, ढोल वाजत होता, बाया वाकून वाकून एकेक रोप निरखून उपटत होत्या, आणि महिपती बांधावरून ओरडत होता, एक बी सोडू नगा.

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. मग वर तोंड करून, प्रेमानं म्हणावं तसं, तिनंही ओरडून सांगितलं, "व्हय गं बायांनो, नीट बगून उपटा. लय नीट बगून."